घरातला आगाऊ

२ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी पुनर्वसन केंद्रातून ते यंत्र आलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्याला ताप होऊन बसलं.

दिसायला पावाच्या डब्याएवढं. पुढे काच, वर एक डोळा, खाली जाळी. बसवायला आलेल्या गोल चष्मेवाल्यानं त्याचा एक डबा बाहेरच्या खोलीत लावला, दुसरा तसाच स्वयंपाकघरात. मग दिवे, पडदे, पाणी तापवायची किटली, बाल्कनीचं सरकतं दार, सगळं त्याला जोडून टाकलं. म्हणाला, "बाई, याला काही सांगावं लागत नाही. हे बघतं, ऐकतं, शिकतं आणि माणसाला काय हवंय ते ओळखून आधीच—"

"करून टाकतं. कळलं."

"आणि साहेबांना शब्द सुचला नाही तर काचेवर—"

"दाखवतं. बरं. चहा घेणार?"

माणूस बरा होता, पण बोलणं फार संथ.

ऑक्टोबरात यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि वाचा दोन्ही घेऊन गेला. हात थोडाफार परत आला, काठी न घेता चालतात, जेवतात डाव्या हातानं. वाचेचं मात्र अजून खरं नाही. कळतं सगळं. शब्द ओठांपर्यंत येतात आणि तिथेच अडून बसतात. एका शब्दाला मिनिट लागतं कधीकधी. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस, मुळातच बोलणं मोजकं. आता तेही नाही.

केंद्रात बोलायला शिकवणारी बाई आहे, तिला मी वाचाताई म्हणते. तिनं स्पष्ट सांगितलंय. २७ मार्चला तपासणी. त्यात यांनी स्वतःची स्वतः पाच पूर्ण वाक्यं बोलली तर आठवड्याचे वर्ग चालू राहतील. नाही तर महिन्यातून एकदा, कारण मागे रांग मोठी आहे. "आणि पहिल्या सहा महिन्यांत जे परत येत नाही ना, ते नंतर सहसा..." एवढं म्हणून ती गप्प झाली. तेवढं एकच वाक्य मी पूर्ण केलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

या यंत्राचं नाव मी आगाऊ ठेवलं आहे. दुसरं शोभतच नाही.

सकाळी सहा दहाला किटली आपोआप खदखदते, कारण काल आम्ही सहा दहाला उठलो होतो. यांनी खिडकीकडे नुसतं बघितलं की पडदे सर्रकन उघडतात. ऊन डोळ्यांवर येतं म्हणून यांनी मान फिरवली की सर्रकन बंद. खुर्चीत जरा कूस बदलली की, "आपल्याला उठायचं आहे का? मी न्हाणीघरातला दिवा लावला आहे." अरे, माणसानं बूड हलवायचंही नाही का?

आणि बोलण्याचं तर विचारूच नका. हे "मला..." म्हणतात आणि काचेवर चार शब्द टपकतात. पाणी. औषध. झोप. टीव्ही. हे बिचारे चारही शब्द नीट वाचतात, मग भिडस्तपणे 'पाणी'वर बोट ठेवतात. आज दिवसभरात चौदा पेले पाणी प्यायले. दुपारी माझ्याकडे असे बघत होते, जशी काही मीच त्यांना बादलीत बुडवते आहे.

माणसाला आधी विचारावं, मग करावं, एवढी साधी रीत या डब्यात घालायची कुणाला सुचली नाही.

संध्याकाळी शेजारची शिवणवाली डोकावली. "काय म्हणताय दादा, बरं वाटतंय का?" मी म्हटलं, "बरं आहे, झोप लागते, पायातल्या मुंग्या कमी आहेत." हे तोंड उघडून बसले होते, मग मिटलं. नंतर कपाटापाशी जाऊन चौकडीचा शर्ट काढायला लागले. तो मी परत ठेवला. त्याची बटणं लहान आहेत, एका हातानं लागायची नाहीत. निळा दिला.

९ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीचा फोन. माझी ही बहीण तीन तासांच्या अंतरावर राहते आणि दर सोमवारी तेच दळण दळते.

"ताई, चार दिवस ये ना गं माझ्याकडे. ऑक्टोबरपासून तू घराबाहेर—"

"पडले नाही. माहीत आहे मला."

"अगं, तुझी तब्येत—"

"माझ्या तब्येतीला काय धाड भरली आहे? आणि यांना कोण बघणार, तू? ठेव फोन."

फोन ठेवला तेव्हा हे खुर्चीतून माझ्याकडेच बघत होते. जेवताना चमचा अर्ध्यावर थांबवून म्हणाले, "तू... चार... दिवस..."

"हो हो, चार दिवसांनी रक्तदाब बघायला जायचंय. लक्षात आहे माझ्या."

भिंतीवरनं आगाऊ म्हणाला, "शुक्रवारच्या तपासणीची आठवण नोंदवली आहे."

घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्याचं आणि माझं एकमत झालं. यांनी चमचा खाली ठेवला. पोट भरलं असावं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

रक्तदाब ठीक. दवाखान्यात तासभर बसून होते, म्हणून सोबत नेलेल्या वहीत गंमत म्हणून लघुलेखन केलं. समोरच्या दोन बायकांचं भांडण जसंच्या तसं उतरवलं. हात अजून चालतो माझा. एकतीस वर्षं न्यायालयात लघुलेखक होते, मिनिटाला एकशे चाळीस शब्द. पहिल्याच दिवशी आमच्या वरिष्ठ बाईंनी सांगितलं होतं, "कागदावर आपला एकही शब्द नको. समोरचा बोलला तेवढंच." ते मी जन्मभर पाळलं.

अर्थात, इतकी वर्षं ऐकल्यावर समोरच्याचं वाक्य कुठे जाणार ते कळतंच. आमच्या एका न्यायाधीशांची तर वाक्यं मी ते बोलायच्या आधीच लिहून मोकळी व्हायचे. ते "सबब" म्हणाले की माझी पेन्सिल निकाल लिहून टेकलेली असायची. लोकांना नवल वाटायचं. एकदाच फसले. मी 'अर्ज फेटाळण्यात येत आहे' असं लिहून बसले आणि साहेब खिडकीकडे बघत गप्प झाले. बराच वेळ. मग म्हणाले, "मंजूर." समोरची बाई मटकन खाली बसली. मी खोडरबर काढला.

एकतीस वर्षांत एकदा. त्याला काही चूक म्हणत नाहीत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज वाचाताई काळजीत दिसली. केंद्रात हे अर्ध्या तासात दहा-बारा शब्द काढतात, कधी एखादं वाक्यही. घरी आठवडाभरात जेमतेम तीन वाक्यं पुरी होतात. मागच्या महिन्यात घरी यापेक्षा जास्त बोलत होते. म्हणजे गाडी उलटी चालली आहे.

"घरी तुम्ही त्यांना जर—"

"वेळ द्यायचा. देते की."

"नाही, मी म्हणत होते की—"

"ते यंत्र! त्याचंच सांगते तुम्हाला. यांनी तोंड उघडायच्या आत ते शब्द दाखवतं. मग माणूस कशाला जीभ झिजवेल?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, पटलं तिला.

घरी आल्याबरोबर आगाऊवर पंचा टाकला. दोन मिनिटं गुण्यागोविंदानं गेली. मग पंचाखालून आवाज, "माझ्यासमोर अडथळा आहे. मी केंद्राला कळवलं आहे." पाच मिनिटांत चष्मेवाल्याचा फोन, सगळं ठीक आहे ना म्हणून. काय म्हणावं याला! स्वतःच्या घरात पंचा वाळत घालायची चोरी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज हे चिडले. इतक्या वर्षांत मी यांना असं पाहिलं नाही, म्हणून लिहून ठेवते.

दुपारी पेपर घेऊन बसले होते. मी भाजी निवडत होते. पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे वळले, खुर्ची सरळ करून घेतली आणि म्हणाले, "अगं... तू... चार..."

"चार वाजले? होय की. ठेवते चहा."

उठते तर किटली आधीच उकळत होती. आगाऊनंही तेच ओळखलेलं. मी म्हटलं, "घ्या, तुमच्या मनातलं भिंतींनाही कळतं आता." मी हसले. हे हसले नाहीत. उठले, पाय ओढत बाल्कनीकडे निघाले. हात दाराला लागायच्या आत दार आपोआप सरकलं. तसे हे जागीच थांबले आणि डाव्या हाताचा पंजा चौकटीवर थाडकन मारला. दोनदा. मग बाहेर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसले. चहा निवून गेला.

ज्या माणसानं जन्मभर लिफ्टच्या खोलीत वंगणाचे हात पुसत शांतपणे एकेक तार तपासली, त्याला या डब्यानं हात आपटायला लावला. बस्स झालं. सोमवारी केंद्रात जाऊन हे बेणं परत करून येणार.

२ मार्च, सोमवार

केंद्रात गेले होते. यांना शिवणवालीपाशी बसवून एकटीच गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं आणि गेल्या गेल्या सगळं बोलून टाकलं. आमच्या घरात तुमचा डबा मालक होऊन बसलाय, माझ्या नवऱ्याचं तोंड त्यानं बंद केलंय, तपासणीला पंचवीस दिवस उरलेत, उद्याच्या उद्या काढून न्या.

वाचाताईनं मधे एक शब्द काढला नाही. मी दमल्यावर तिनं महिन्याचा अहवाल पुढे सरकवला. म्हणाली, "हा मी तुम्हाला एकोणीस तारखेलाच—" आणि थांबली. मी काही बोलते का बघत होती. मी बोलले नाही. "—दाखवणार होते," ती म्हणाली.

आगाऊ नुसता बघत नाही, मोजतोही. घरात राहून आमच्या चुगल्या! फेब्रुवारी महिना. यांनी सुरू केलेली वाक्यं इतकी. त्यांपैकी यंत्रानं पूर्ण केलेली, एकशे अठरा. स्वतः पूर्ण केलेली, अकरा. आणि खाली एक ओळ. घरातल्या दुसऱ्या व्यक्तीनं पूर्ण केलेली, नऊशे चार.

मी तिला विचारलं, "ही दुसरी व्यक्ती कोण?"

विचारून झाल्यावर कळलं की आमच्या घरात दोनच माणसं राहतात.

३ मार्च, मंगळवार

खोटारडं यंत्र आहे. त्याला माणसं कळत नाहीत. नवरा-बायको चाळीस वर्षं एकमेकांचं बोलणं असंच उचलतात, त्याला संसार म्हणतात. नऊशे चार!

५ मार्च, गुरुवार

मी कुणाच्या सांगण्यावर विसंबत नाही. स्वतः मोजायचं ठरवलं. सकाळी सातला वही घेतली आणि नियम केला की जे बोललं जाईल ते जसंच्या तसं उतरवायचं, यांचं आणि माझंही. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं उतरवलं, स्वतःचं कधी नाही.

अकरा वाजेपर्यंतची पानं समोर आहेत. त्यातलं थोडं इथे उतरवते.

हे: "आज..." मी: "गुरुवार. वर्ग उद्या आहे, या वेळी बदललाय."
हे: "ती... खिडकी..." मी: "लावते. वारं लागतंय ना."
हे: "नको, मी..." मी: "तुम्ही बसा, मी करते."
हे: "मी..." मी: "बसा म्हटलं ना!"
हे: "..." मी: "काही हवंय? औषध? अंग दुखतंय? टीव्ही लावू?"

शेवटच्या ठिकाणी तर ते काही बोललेच नव्हते. नुसता श्वास घेतला होता.

चौतीस. अकरा वाजेपर्यंत चौतीस. दुपारी वही बंद केली, पुढे मोजायची हिंमत झाली नाही. डबा निदान चार शब्द दाखवून निवडू तरी देतो. मी तेवढंही करत नाही. आगाऊ म्हणून मी ज्याला महिनाभर नावं ठेवली, तो माझ्यापुढे फारच गरीब निघाला.

वाचा परत यायची म्हणून औषधं मोजून देते, वर्गाला नेते, डोळ्यांत तेल घालून बसते. आणि त्यांच्या तोंडातला शब्द मीच काढून घेते. शरम वाटली. फार वाटली.

७ मार्च, शनिवार

माफी मागायची म्हणून यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. म्हटलं, "अहो, चुकलं माझं. मी तुम्हाला बोलू देत नाही." यांचे डोळे भरले. हात पुढे केला, म्हणाले, "अ..."

"असू दे म्हणताय ना?"

कपाळ माझं!

मी जीभ चावली तोवर हे हसायला लागले. अर्ध्याच तोंडानं, पण पोट हलेपर्यंत. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसले. मग मलाही हसू आवरेना. आगाऊ म्हणाला, "आपल्याला श्वास घ्यायला त्रास होत आहे का?" त्यावर तर आणखीच.

१० मार्च, मंगळवार

यंत्र काढायला चष्मेवाला आला. मीच बोलावलं होतं. त्यानं पेचकस काढला तसे हे मान हलवायला लागले. नाही. नाही. मी चाटच पडले. ज्यानं हात आपटला तोच नको म्हणतोय! यांनी खुणेनं कागद मागितला आणि डाव्या हातानं चित्र काढायला घेतलं. उभी लांब पेटी, त्यात छोटी पेटी, वर चाक. लिफ्ट. सगळ्यात खालच्या मजल्याशी बाण.

"सकाळी..." हे म्हणाले.

"सकाळी गर्दी असते, असं?" चष्मेवाला म्हणाला.

मी हात वर केला. "थांबा. त्यांचं व्हायचंय."

असं म्हणताना माझं मलाच नवल वाटलं. चष्मेवाल्यानं पेचकस खाली ठेवला. आम्ही दोघं कागदाकडे बघत बसलो. वीस मिनिटं लागली असतील. जे जे म्हणाले ते मी वहीत घेतलं, आणि ते असं.

"सकाळी... लिफ्ट... आपली आपण... खाली येते. हाक... न मारता. चालतं. मीच... तशी... लावायचो."

मग पेटीच्या दाराशी दोन रेघा काढल्या.

"दार... उघडं. उभी. ओढत... नाही. माणूस... बटण... दाबेल. तेव्हा."

आणि शेवटी वरच्या चाकापासून खाली येणारी रेघ मधेच तोडली. तिच्यावर बोट आपटत म्हणाले, "दोर... तुटला... तर... विचारू... नको. धर."

चष्मेवाला चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, "आम्ही दीड वर्ष..." पुढचं मला कळलं होतं, तरी दातांवर दात ठेवून बसले. बरंच झालं, कारण मला कळलेलं चूक होतं. मला वाटलं, आम्ही दीड वर्ष मेहनत केली असं म्हणणार. तो म्हणाला, "आम्ही दीड वर्ष एवढंच मोजलं, की माणसाला हवं ते किती लवकर देता येईल. त्याला ते स्वतः करायचं असेल, हे मोजायला कोष्टकात जागाच नव्हती."

मग बसून त्यानं सगळं बदललं. आता आगाऊनं पाणी भरून किटली तयार ठेवायची, शेजारी बारीक दिवा लावायचा, पण चालू करायची नाही. यांना कधी उठावंसं वाटेल ते ओळखून वाटेतला दिवा लावायचा, बोलायचं नाही. दार, पडदे, हात लागल्याशिवाय हलायचे नाहीत. शब्द पुढे करायचा तो यांनी डाव्या हाताजवळची कळ दाबली तरच, आणि तोवर कितीही वेळ लागो, गप्प. पडले, घसरले, पुन्हा झटका आल्यासारखं दिसलं, तर मात्र कुणाला न विचारता शिवणवालीला, दवाखान्याला आणि मला एकदम कळवायचं.

जाताना म्हणाला, "बाई, तुमच्यासाठी काही बदलायचं असेल तर—"

त्यानंच वाक्य सोडलं. मी म्हटलं, "मला पेचकस चालत नाही हो."

१५ मार्च, रविवार

आगाऊ सुधारला. एका दिवसात. माझे मात्र नाकी नऊ आलेत.

गप्प बसणं म्हणजे काय असतं हे मला साठीनंतर कळतंय. हे शब्दासाठी थांबतात आणि माझ्या घशात खाज सुटते. एक युक्ती सापडली. हे बोलायला लागले की हातात पेन्सिल घ्यायची. हात लिहीत असला की माझं तोंड बंद राहतं, तेवढी न्यायालयाची सवय आहे. ते थांबले की कागदावर दर सेकंदाला एक बारीक टिंब. आजच्या पानावर टिंबंच टिंबं आहेत.

आज दुपारी जेवताना सत्तावीस टिंबांनंतर, टिंबं सुरू केल्यापासूनचं यांचं पहिलं अख्खं वाक्य झालं.

"आमटीत... मीठ... कमी आहे."

इतकी तपश्चर्या केली ती हे ऐकायला! चाळीस वर्षं मुकाट्यानं जेवले, आणि वाचा फुटली ती ही. मीठ वाढलं. खरंच कमी होतं.

२१ मार्च, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

संध्याकाळी दोघं बाल्कनीत होतो. यांनी माझ्या मनगटावर बोट टेकवलं. "तू... चार... दिवस..."

मी पेन्सिल उचलली. रक्तदाब, चहा, तपासणी, आणखी कायकाय जिभेवर येऊन उभं राहिलं. टिंबं देत गेले. दहा. वीस. यांचे ओठ जुळत होते, सुटत होते. कपाळावर घाम आला. कळ हाताशी होती, तिला हात लावला नाही. आगाऊचा बारीक दिवा नुसता जळत होता.

"...धाकटीकडे... जा."

"अहो पण—"

बोट वर केलं. झालं नव्हतं अजून.

"मला... एकट्यानं... चहा... करायचाय."

सगळी मिळून शंभरावर टिंबं आहेत. मी रडले. आधी रडले, मग राग आला. यांचा नाही, माझाच. नऊ फेब्रुवारीपासून हा माणूस मला हे एकच वाक्य सांगतोय. माझ्यासाठी आणि स्वतःसाठी, दोघांसाठी मिळून एकच. आणि मी त्याचा कधी रक्तदाब केला, कधी चहाची वेळ. मागची पानं चाळून बघितली. 'पोट भरलं असावं' असं लिहिलंय मी. माझ्याच अक्षरात.

२७ मार्च, शुक्रवार

तपासणी. मला आत बसू दिलं, कोपऱ्यात, तोंड न उघडण्याच्या बोलीवर. वाचाताई चित्रं दाखवणार आणि हे एकेक वाक्य बोलणार. पेन्सिल नेलीच होती.

चार झाली. चारही यांचीच. पाचव्या चित्रात एक माणूस शिडीवर चढून दिवा बदलतोय. यांच्या हातचं काम, मी झोपेतही सांगितलं असतं. हे बघत राहिले. ओठ हलेनात. तीस टिंबं. पन्नास. वाचाताईची नजर घड्याळाकडे गेली. माझं सगळं अंग ओरडत होतं, दिवा, अहो दिवा, दिवा! साठ. यांनी चित्रावरची नजर काढून सरळ तिच्याकडे बघितलं.

"थांबा जरा. शब्द... येतोय."

ती पेन उचलून हसली. "झालं की! पाचवं."

त्यानंतर पुष्कळ वेळानं 'दिवा बदलतोय' पण आलं. ते जमेत धरायची गरजच नव्हती, तरी तिनं लिहून घेतलं. वर्ग चालू राहणार. बाहेर पडताना हे निळ्या नव्हे, चौकडीच्या शर्टात होते. सकाळी बटणांना अर्धा तास लागला. मी बाहेर दारात उभी होते.

३ एप्रिल, शुक्रवार

धाकटीकडे आहे. आजचा दुसरा दिवस. काल निघताना शिवणवालीला किल्ली दिली आणि आगाऊपुढे उभं राहून त्याला म्हणाले, "दोर तुटला तर धर. नाही तर गप्प बस." त्याचा दिवा जळत होता.

इथे कुणी काम करू देत नाही. धाकटी सारखी, ताई हे घे, ताई तू बस, ताई तुला हेच हवं होतं ना. आमच्या घराण्यातच आहे हे. तिला म्हटलं, विचार आधी. तिला कळलं नाही.

चार वाजून गेले तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. किटली जड आहे. डावा हात. वाफ. तीनदा फोन उचलला आणि तीनदा ठेवला. आगाऊकडूनही काही आलं नव्हतं. पाच वाजता फोन वाजला. हेच. इतक्या महिन्यांत यांनी स्वतः लावलेला पहिला फोन.

पलीकडे नुसता श्वास. मी "हॅलो" म्हटलं आणि पेन्सिल घेतली. धाकटी धावत आली, "काय झालं? बरे आहेत ना? भाजलं का—" तिच्या तोंडावर मी हात धरला. धरून ठेवला. टिंबं देत गेले.

"चहा... केला. थोडा... सांडला. साखर... विसरलो."

मग आणखी टिंबं. फोन ठेवला असेल असं वाटलं, तरी थांबले.

"छान... झाला."

फोन ठेवल्यावर धाकटी म्हणाली, एवढंच? एवढंच बोलायला चार मिनिटं? मी वही पुढे घेतली, खाली तारीख आणि वेळ घातली, आणि पहिल्यापासून वाचून बघितलं. त्यात माझा एकही शब्द नव्हता.